एचटीपी पंपाच्या पितळी मॅनिफोल्डचे आटे गेलेत, अर्धा इंची डिलिव्हरीतून गळती: बुश मारावा की मॅनिफोल्डच बदलावा?

बागवाला_तासगाव · सोमवार, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. ट्रॅक्टरच्या ब्लोअरला तीन पिस्टनचा एचटीपी पंप, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप आहे. त्याच्या पितळी मॅनिफोल्डवर, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या ठोकळ्यावर, अर्धा इंची डिलिव्हरीचं तोंड आहे, त्यात निपल (आट्यांचा जोडतुकडा) आणि निपलवर नळी. दर चौरस सेंमीला दहा किलो दाबापर्यंत काही त्रास नाही. काटा २० च्या पुढं गेला की निपलच्या मुळातून धार सुटते. काम ३० किलोवर करायचं असतं.

टेफ्लॉन टेप आधी ६ फेरे, मग १२, मग २० गुंडाळून बघितला. २० फेऱ्यांवर एक टाकी निघते, दुसऱ्या टाकीला परत तेच. निपल नवा आणला तरी फरक नाही. हातानं तो पाच-सहा आटे सैल फिरतो आणि शेवटी थोडा धरतो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली आहे, पोंग्याच्या (कोंब फुटायच्या) आत डाऊनी म्हणजे केवडा रोगाची फवारणी चुकवून चालणार नाही. मॅनिफोल्ड सुटा मिळतो, पण यायला आठवडा लागेल असं सांगतात. बुश मारून, म्हणजे भोक मोठं करून त्यात आटे असलेली पितळी पुंगळी बसवून, आहे तोच दुरुस्त होईल का? बाहेरून एम-सील लावावं असं एकानं सुचवलं आहे.

लेथवाला_कुपवाड · सोमवार, रात्री ९.०५

दादा, आधी टेप थांबवा आणि ब्लोअरही थांबवा. टेप आट्यांमधली बारीक फट बुजवतो, गेलेला धातू परत आणत नाही. २० फेरे टेप म्हणजे निपल आट्यांवर उभाच नाही, टेपच्या गादीवर उभा आहे.

जोर किती येतो ते बघा. अर्धा इंची आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी, क्षेत्रफळ ३.४५ चौरस सेंमी. ३० किलो प्रेशरला १०३ किलो जोर निपलला बाहेर ढकलतो, आणि पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला तो कमी-जास्त होतो. असा निपल सुटला की नळी चाबकासारखी फिरते आणि औषध अंगावर येतं.

एम-सील बाहेरून लावून ३० किलो धरत नाही. पाणी आट्यांच्या वाटेनं त्याच्या मागं जाऊन उभं राहतं आणि खपली उचलते. वर पुढच्या दुरुस्तीला ते सगळं खरवडून काढावं लागतं, त्यात तोंडाच्या पृष्ठभागाला ओरखडे पडतात. तो पृष्ठभाग आपल्याला पुढं लागणार आहे.

मापं द्या. व्हर्नियर नसेल तर गावात कुणाकडून आणा, पट्टीनं होणार नाही.
– निपलचा बाहेरचा व्यास, टोकाला आणि मुळाशी वेगवेगळा
– एका इंचात म्हणजे २५.४ मिमीमध्ये किती आटे
– मॅनिफोल्डच्या तोंडाशी आतला व्यास, आट्याच्या माथ्यावर, आणि तोच ८ मिमी खोल
– आट्याची एकूण खोली
– तोंडाभोवती पितळेची जी गोल उभारी आहे, तिचा बाहेरचा व्यास
– आतल्या पितळेचा रंग

पाना_२४ · सोमवार, रात्री ९.३०

रंगाचं विचारलं ते बरं केलं. टॉर्च मारून बघा. आटे पिवळे चकचकीत असतील तर धातू शाबूत आहे. विटकरी-गुलाबी, तांब्यासारखे दिसत असतील आणि सुईनं टोचल्यावर भुगा पडत असेल, तर पितळेतलं जस्त निघून गेलंय आणि मागं उरलाय तो तांब्याचा स्पंज. त्यावर टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारा, बुश मारा, काही टिकत नाही. तसं असेल तर मॅनिफोल्डच मागवायचा, पुढची चर्चा नको.

आणखी एक. उभारीवर लांबीच्या दिशेनं केसासारखी चीर आहे का ते बघा. २० फेरे टेप लावून पाइप पान्यानं ओढलं असेल तर शंकूचा निपल पाचरीसारखा काम करतो आणि तोंड फाकवतो. रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर रॉकेल परत वर येऊन खडूवर काळी रेघ उठते.

बागवाला_तासगाव · मंगळवार, सकाळी ७.१५

मापं घेतली. निपल टोकाला २०.४, मुळाशी २१.२. इंचात १४ आटे. मॅनिफोल्ड तोंडाशी २०.१, ८ मिमी आत १८.९. खोली १५. उभारी ३६. रंग पिवळा, पण पहिल्या तीन-चार आट्यांचे माथे गोल झालेत आणि एका बाजूला आटा आडवा कापल्यासारखा दिसतो. तिथं पांढरा थर बसलाय. खडू लावला, रेघ आली नाही.

लेथवाला_कुपवाड · मंगळवार, सकाळी ८.००

चांगली मापं घेतलीत, यातच सगळं उत्तर आहे.

अर्धा इंची बीएसपी म्हणजे ब्रिटिश पाइप आट्याच्या मादीचा (आतल्या आट्याचा) माथ्यावरचा व्यास नवा असताना १८.६३ ते १९.१७ च्या दरम्यान असतो. तुमचा आतला १८.९, म्हणजे आत आटे नव्यासारखे आहेत. तोंडाशी २०.१. आट्याची पूर्ण उंची १.१६ मिमी, त्यातली आता पकड उरलीय (२०.९५५ वजा २०.१) भागिले २, म्हणजे ०.४३ मिमी. जेमतेम ३७ टक्के. आडवा कापलेला आटा म्हणजे कधीतरी निपल वाकडा धरून पान्यानं चढवलाय.

आता मुद्दा नीट समजून घ्या. तुमचा निपल शंकूचा आहे, टोकाला बारीक आणि मुळाशी जाड. बीएसपी शंकूचा उतार १६ ला १. मॅनिफोल्डचे आटे मात्र सरळ आहेत. शंकू सरळ भोकात घातला की तो फक्त तोंडाच्या दोन-चार आट्यांवर आवळतो, टोक आत सैलच राहतं. म्हणजे तुमचा निपल नेमका खराब आट्यांवर आवळतोय, आणि चांगले आटे आहेत तिथं त्याला पकडच नाही. निपल कितीही नवे आणा, हेच होणार.

नळदुरुस्ती_सातारा · मंगळवार, सकाळी ८.४०

एक शंका. आणलेला निपल एनपीटी म्हणजे अमेरिकन पाइप आट्याचा तर नाही ना? अर्धा आणि पाऊण इंचीला बीएसपी आणि एनपीटी दोन्हींना इंचात १४ च आटे. दोन-तीन फेरे गोडीत जातात, म्हणून दुकानात कुणाला कळत नाही. बीएसपीचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. दोन्ही एकमेकांत आवळले की माथ्याशी गोल गोल वाट उरते आणि पाणी त्या वाटेनं बाहेर येतं. कितीही आवळा.

लेथवाला_कुपवाड · मंगळवार, सकाळी ८.५५

बरोबर शंका. एनपीटी अर्धा इंचीचा व्यास २१.३ च्या घरात असतो, पण शंकूमुळं नुसत्या व्यासावरून ठरवता येत नाही. थ्रेड गेजची ५५ ची पात आट्यात बसवून उजेडाकडं धरा. मध्ये उजेड दिसला नाही तर बीएसपी. एक इंचीला हा घोळ लवकर कळतो, तिथं बीएसपी ११ आणि एनपीटी साडेअकरा आहे.

ज्यांना नंबर लागतात त्यांच्यासाठी: दाब धरणारे शंकूचे पाइप आटे आयएस ५५४ मध्ये, आणि सरळ पाइप आटे, ज्यात आटा नुसता धरतो आणि वॉशर पाणी थांबवतो, ते आयएस २६४३ मध्ये. तुमच्या मॅनिफोल्डचं तोंड दुसऱ्या प्रकारचं आहे. त्यात पहिल्या प्रकारचा निपल घातला गेला, तिथंच गळतीला सुरुवात झाली.

रसायन_मिरज · मंगळवार, सकाळी १०.२०

पांढऱ्या थराबद्दल लिहिते. तो बहुतेक बोर्डोचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीचा, चुना आहे. तो आट्यात बसला की निपल पूर्ण आत गेल्यासारखा वाटतो, पण खरा चुन्यावर अडतो. तारेच्या ब्रशनं घासायच्या आधी घरातला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसानं पंधरा मिनिटं लावून ठेवा, मग पितळी तारेच्या ब्रशनं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. लोखंडी ब्रश वापरू नका. जोरदार ॲसिड नको, ते जस्त ओढतं.

निपल जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असेल तर तो काढून टाका. मोरचुदाचं पाणी लोखंडाला लागलं की लोखंड विरघळतं आणि तांबं त्यावर बसतं. बोर्डो आंबट आहे का ते बघायला घासलेला विळा बुडवतात आणि त्यावर तांबडा थर आला की चुना वाढवतात, तेच इथं निपलच्या आट्यावर घडतं. आधी जस्ताचा मुलामा जातो, मग आटे कुरतडले जातात. पितळेला लागून असल्यामुळं लोखंड आणखी लवकर झिजतं. नवीन जोड पितळेचा किंवा स्टेनलेसचाच घ्या.

आणि याच पंपातून युरिया किंवा अमोनियम सल्फेटचं पाणी जात असेल तर वापर झाल्यावर साध्या पाण्यानं पंप फिरवून घ्या. ताणात असलेल्या पितळेला अमोनिया लागला तर ते चिरतं. इंग्रजी अमदानीत घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात फुटायची. त्यामागं अमोनिया आहे हे १९२१ मध्ये उलगडलं. गच्च आवळलेल्या पितळी तोंडाची गत तीच.

बागवाला_तासगाव · मंगळवार, दुपारी १.१०

ताई, निपल जीआयचाच होता. आता काढतो. मग उपाय काय? आतले आटे चांगले असतील तर टॅप फिरवून चालेल का?

पाना_२४ · मंगळवार, दुपारी १.४५

टॅपनं आटे साफ होतात, वाढत नाहीत. तरीही आडवा कापलेला आटा सरळ करायला आणि चुना काढायला टॅप फिरवावाच लागेल. पण बेतानं.

मॅनिफोल्ड पंपावरून सोडवून घ्या. बसलेल्यावर टॅप मारला तर कीस वाल्व्हच्या सीटवर जातो आणि मग पंप प्रेशरच पकडत नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्यात चिकटतो. अर्धा इंची बीएसपी सरळ टॅप घ्या, शंकूचा घेऊ नका. शंकूचा टॅप तोंड आणखी मोठं करेल.

टॅप तोंडात सरळ उभा ठेवा आणि आधी उलटा फिरवा, हलक्या हातानं. एका जागी तो किंचित खाली पडतो, बोटाला ‘टक्’ असं जाणवतं. तिथं जुन्या आट्याची सुरुवात आहे. तिथून सुलटा फिरवा. ही पायरी सोडली तर टॅप जुन्या आट्यांच्या मधून नवी वाट कापतो आणि उरलेले आटेही जातात. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. पितळेला तेल नसलं तरी चालतं, थोडं रॉकेल बास. जड लागलं तर जोर लावू नका, काढून कीस पुसा.

कृष्णाकाठ_कराड · मंगळवार, दुपारी २.३०

माझ्या मते इतक्यावरच काम भागतं. चांगले आटे आत आहेत ना? मग शंकूचा निपल सोडून सरळ आट्याचा, कॉलर असलेला पितळी अडॅप्टर घ्या आणि कॉलरखाली बाँडेड वॉशर टाका, बाहेर धातूची कडी आणि आत रबर असलेला. अर्धा इंचीला आतला व्यास साडेएकवीस, बाहेरचा साडेअठ्ठावीस. उभारी ३६ ची आहे, वॉशर पूर्ण बसतो. आट्यांनी फक्त धरायचं, पाणी वॉशर थांबवतो. भोक मोठं करून बुश मारायची गरज काय? चांगला धातू कशाला काढायचा?

लेथवाला_कुपवाड · मंगळवार, दुपारी ३.०५

विचार बरोबर आहे, मोजणी अपुरी आहे. बाजारात मिळणाऱ्या अर्धा इंची अडॅप्टरला साधारण १४ मिमी आटा असतो. वॉशर अडीच मिमी जाड. म्हणजे आत जातो साडेअकरा. खराब आटे पहिले ७ मिमी. पकड मिळते साडेचार मिमी, एका आट्याची लांबी १.८१, म्हणजे अडीच आटे. १०३ किलो जोर अडीच आटे एकदा धरतील, पण दिवसभर थरथरणाऱ्या पंपावर मी ते सांगणार नाही.

दोन वाटा आहेत. एक, लेथवर अडॅप्टरच १७ मिमी आट्याचा करून घ्या. साडेचौदा आत जाईल, साडेसात मिमी चांगली पकड, चार आटे. तळाशी टेकणार नाही, अर्धा मिमी मोकळा राहतो. दोन, तोंड लेथवर ४ मिमी फेस करून, म्हणजे सपाट कापून, कमी करा. मग खराब भाग ३ मिमीच उरतो आणि खोली ११. दुसऱ्या वाटेला अडॅप्टरचा आटा १३ च्या आत कापून घ्यावा लागेल, नाहीतर तो तळाला टेकेल आणि वॉशर दबणारच नाही. वॉशर सैल राहिला तर गळती दुसऱ्या कारणानं चालू होते आणि माणूस आट्यांनाच दोष देत बसतो.

दोन्हीत वॉशर बसायचा पृष्ठभाग आट्याच्या अक्षाला काटकोनात आणि गुळगुळीत हवा. सध्या तिथं पाइप पान्याचे ओरखडे असतील तर फेस करावंच लागेल, अर्धा मिमी का होईना.

या हंगामापुरतं म्हणाल तर १७ मिमी अडॅप्टर चालेल. कायमचं म्हणाल तर बुश.

कृष्णाकाठ_कराड · मंगळवार, दुपारी ३.२०

अडीच आट्यांचं गणित मान्य. बाजारातला १४ चा अडॅप्टर पुरत नाही, हे लक्षात आलं नव्हतं. पण १७ चा करून घेतल्यावर कायमचा का नको?

लेथवाला_कुपवाड · मंगळवार, दुपारी ३.५५

कारण चार आट्यांवर सगळा भार आहे आणि त्यातला एक जरी पुन्हा आडवा कापला तर परत फिरायला जागा नाही. आता तोंडाशी धातू आहे, उभारी ३६ आहे, बुश सहज बसतो.

बुशची मापं अशी:

बाहेरचा आटा पाऊण इंची बीएसपी सरळ, २६.४४ मिमी. ३६ मधून तो वजा केला तर प्रत्येक बाजूला ४.८ मिमी पितळ उरतं, पुरेसं. उभारी ३२ असती तर २.८ उरलं असतं आणि मी नको म्हटलं असतं. बुशची स्वतःची भिंत: पाऊण इंची आट्याचा तळ २४.१२, आतल्या अर्धा इंची आट्याचा तळ २०.९५५, म्हणजे १.५८ मिमी. ही पातळ आहे. म्हणून या बुशमध्ये पुन्हा शंकूचा निपल घालायचा नाही, तो बुश फाकवतो. सरळ आटा आणि वॉशरच.

भोक २४.५ मिमी, खोली आहे तेवढीच. एक मिमीही खाली जाऊ नका, खाली पाण्याची वाट आहे. मॅनिफोल्ड चार जबड्यांच्या चकमध्ये धरून आतल्या चांगल्या आट्यावर डायल (मध्य सरकलाय का ते दाखवणारा काटा) लावून मध्य काढा. तोंडावर डायल लावू नका, ते झिजलेलं आहे. शक्यतो बोअरिंग टूलनंच मोठं करा. ड्रिल वापरायचं असेल तर धारेचा पुढचा कोन दगडावर किंचित मारून सपाट करा. पितळेत धारदार ड्रिल एकदम खेचलं जातं, स्वतःच आत घुसतं आणि खोली हातातून जाते. बहुतेक मॅनिफोल्ड तिथंच बाद होतात.

टॅप आधी पहिला, मग शेवटचा. शेवटच्या टॅपचं टोक घासून सपाट केलेला वेगळा ठेवावा, तळापर्यंत पूर्ण आटा हवा.

बुश पितळी षटकोनी सळईतून, ३६ एएफ (समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर) असेल तर उत्तम, उभारीएवढाच राहतो. कॉलर ८ मिमी, खालचा आटा साडेतेरा. कॉलरखाली पाऊण इंची बाँडेड वॉशर, आतला २७, बाहेरचा ३५. तोही अडीच मिमी जाड, त्यामुळं बुश आत ११ मिमी जातो, पाऊण इंचीला १४ आटे असल्यानं सहा आटे पूर्ण पकड. बुशच्या आतला अर्धा इंची आटा कॉलरसकट २१ मिमी लांब मिळतो. आधीच्या १५ पेक्षा जास्तच.

पाना_२४ · मंगळवार, सायंकाळी ५.१०

बुश बसवताना आट्यांना लॉक्टाइट ६३८ किंवा तत्सम बसवणीचं द्रव लावा. ही द्रवं हवा बंद झाल्यावर धातूच्या संपर्कात घट्ट होतात. पितळेवर लवकर होतात, जीआय आणि स्टेनलेसवर उशिरा, तिथं ॲक्टिव्हेटर लागतो. आधी आटे ॲसिटोननं धुवा. दुकानातल्या साध्या थिनरमध्ये तेलाचा अंश राहतो. दोन-तीन थेंब बुशच्या मधल्या आट्यांवर, टोकाला नको, नाहीतर आत वाल्व्हपर्यंत ओघळ जातो. २४ तास हात लावायचा नाही. हे द्रव गेलेल्या आट्यांची जागा भरत नाही. पाव मिमीपेक्षा मोठी फट असेल तर नुसत्या द्रवाच्या भरवशावर राहू नका. नळीचा प्लास्टिक नट किंवा फिल्टरचा वाडगा जवळ असेल तर त्याला लागू देऊ नका, प्लास्टिक तडकतं.

कधी बुश काढायची वेळ आली तर सुमारे २५० अंशापर्यंत तापवून गरम असतानाच फिरवा, थंड झाला की परत धरतो. वॉशरचं रबर मात्र जळतं, ते बदलायचं.

नळदुरुस्ती_सातारा · मंगळवार, सायंकाळी ५.४५

हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा नवा आटा, का नको? धातू कमी काढावा लागतो.

लेथवाला_कुपवाड · मंगळवार, सायंकाळी ६.१५

बोल्टला हेलिकॉइल उत्तम. पाण्याच्या जोडाला तारेची वेटोळी म्हणजे आतून बाहेरून दोन गोल वाटा. तारेच्या पाठीमागून पाणी येतं. वॉशरवर पाणी थांबवलं तर चालेल, पण टॅप आणि कॉइलचा सेट अर्धा इंची बीएसपीचा सहज मिळत नाही. अॅल्युमिनियमच्या बॉडीत, जिथं बुशला जागाच नाही, तिथं मी वापरतो.

गॅसनं पितळ भरून परत आटे पाडा असंही कुणी सांगेल. पितळी सळई आणि पितळी मॅनिफोल्ड जवळजवळ एकाच तापमानाला वितळतात, तोंड ढासळतं. चांदीच्या टाक्यानं होतं, पण जुन्या सळयांत कॅडमियम असतं, त्याची वाफ विषारी. शिवाय आतल्या फटीत औषधाचे अंश असतात, तापवल्यावर त्यांचाही धूर नाकात जातो. मॅनिफोल्डला आच लावूच नका.

नळदुरुस्ती_सातारा · मंगळवार, सायंकाळी ६.३०

पटलं. विषयाला धरूनच एक: घरात भिंतीतल्या पितळी वाल्व्हमध्ये अर्धा इंची जीआय निपल तुटून राहिला तर वाल्व्ह टाकून द्यायची गरज नाही. हॅक्सॉचं पातं फडक्यात धरून तुटलेल्या निपलमध्ये आतून दोन काप घ्या, समोरासमोर न घेता जवळजवळ, आटे दिसायच्या जरा अलीकडं थांबा. मधली पट्टी छिन्नीनं आत वाकवली की निपल ढिला होऊन हातानं येतो. काप वाल्व्हच्या आट्याला लागला तर मात्र तिथून कायमची गळती.

बागवाला_तासगाव · मंगळवार, रात्री ८.१०

बुशच करतो. उद्या मॅनिफोल्ड सोडवून कुपवाडला आणतो. बसवल्यावर टेस्ट कशी करायची? आणि परत होऊ नये म्हणून काय?

लेथवाला_कुपवाड · मंगळवार, रात्री ८.५०

टेस्ट साध्या पाण्यानं, औषधानं नाही, आणि हवेनं तर मुळीच नाही. दाबलेली हवा सुटली की गोळीसारखी येते, पाणी तसं करत नाही. टाकी दोनदा धुवून घ्या. बायपास पूर्ण उघडा, पंप चालू करा, हवा निघू द्या. मग प्रेशर ५ किलोनं वाढवत न्या, प्रत्येक टप्प्यावर दोन मिनिटं. ३० ला दहा मिनिटं थांबा. कामाच्या दीडपट म्हणजे ४५ पर्यंत बघायला आवडेल, पण पंपाच्या प्लेटवर जो कमाल आकडा आहे तो ओलांडू नका.

गळती बोटानं शोधू नका. बारीक धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत औषध शिरलेलं असतं. असं कुणाला झालंच तर दुखत नसलं तरी त्याच वेळी दवाखान्यात जायचं. जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, ओला झाला की कळतं. प्रेशर असताना पाना लावायचा नाही. काटा शून्यावर आणा, मगच.

परत होऊ नये म्हणून: तुमच्या मॅनिफोल्डचे आटे गेले त्याचं मूळ कारण नळी काढता-घालताना निपल मॅनिफोल्डमध्येच फिरत होता. मॅनिफोल्डचा आटा आयुष्यात एकदाच फिरला पाहिजे. बुशमध्ये अडॅप्टर बसवा आणि त्याच्या दुसऱ्या तोंडाला फिरता नट किंवा युनियन ठेवा. नळी सोडायची ती तिथूनच. नट आवळताना एक पाना अडॅप्टरच्या षटकोनावर धरून ठेवा, दुसरा नटावर. पाइप पाना नको, रिंग किंवा फिक्स पाना.

आणि नळीचं वजन. नळी त्या जोडावरून लोंबकळत असेल तर ट्रॅक्टर खडकाळ बांधावरून गेला की प्रत्येक धक्का त्या आट्यांवर पडतो. जोडापासून वीतभर अंतरावर नळीला फ्रेमवर क्लॅम्प द्या, आत रबराचा तुकडा घालून.

रसायन_मिरज · मंगळवार, रात्री ९.१५

टेप कुठं लावायचाच असेल, नळीच्या बाकी शंकूच्या जोडांवर, तर १२ मिमी रुंदीच्या टेपचे ५-६ फेरे, पहिला आटा मोकळा सोडून. तोंडावर गेलेला टेपचा तुकडा आत तुटतो आणि नोझलच्या चकतीत अडकतो, मग एका बाजूची फवारणी कमी पडते आणि ते लक्षातही येत नाही.

बागवाला_तासगाव · शुक्रवार, सकाळी ११.३०

काम झालं. उभारीवर पान्याचे ओरखडे होते म्हणून पाऊण मिमी फेस केलं, भोक २४.५ ला बोअर केलं, खाली वाट शाबूत. बुश ३६ एएफ, द्रव लावून २५ तास ठेवला. अडॅप्टर पितळी, वर फिरता नट. प्लेटवर ४० लिहिलं आहे, ४० वर दहा मिनिटं ठेवलं, कागद कोरडा. ३० वर काल तीन टाक्या मारल्या. नळीचा क्लॅम्प फ्रेमच्या आडव्या पट्टीला घेतला आहे.

एकच विचारतो, वॉशर किती दिवसांनी बघायचे?

लेथवाला_कुपवाड · शुक्रवार, दुपारी १२.०५

पहिल्या दहा टाक्यांनंतर एकदा काटा शून्यावर आणून अडॅप्टरचा षटकोन पान्यानं तपासा, हलत नसेल तर हात लावू नका. उगाच पाव फेरा जास्त आवळायचा मोह टाळा, रबर बाहेर येतं. त्यानंतर एप्रिलच्या खरड छाटणीला पंप उघडाल तेव्हा अडॅप्टरखालचा अर्धा इंची वॉशर बदला. बुशखालचा पाऊण इंची गळेपर्यंत तसाच राहू द्या, त्यासाठी बुश हलवायचा नाही.